जुनी फियाट ठेवायची की नवी एसयूव्ही काढायची? बेळगाव-निपाणीकरांसाठी समोरासमोर तुलना

बेळगाव/निपाणी : बेळगाव, निपाणी, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यात अजूनही काही घरांच्या पडवीत किंवा गोदामाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एखादी 'फियाट' उभी दिसते. आरसी बुकात नाव प्रीमियर पद्मिनी असतं, पण आपल्याकडे तिला पद्मिनी म्हणणारे थोडेच. घरात नवी एसयूव्ही काढायचं ठरलं की प्रश्न येतो. जुनी विकायची, भंगारात द्यायची, की ठेवायची?

हा प्रश्न बहुतेक वेळा 'जुन्या गाडीचा पत्रा कसला मजबूत' आणि 'नव्या गाडीचा एसी कसला गार' इथेच अडकतो. सीमाभागात निर्णय खरं तर तीन गोष्टींवर ठरतो : ब्रेक कसा लागतो, दुरुस्ती कोण करतो आणि आरसीवर राज्य कोणतं आहे. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते, आणि पैसे तिथेच जातात.

या तुलनेसाठी जुनी गाडी म्हणून प्रीमियर पद्मिनी आणि नवी म्हणून टाटा नेक्सॉन घेतली आहे. दोन्ही महाराष्ट्रात बनलेल्या, दोन्ही चार मीटरच्या आतल्या. ब्रेझा, व्हेन्यू, एक्सयूव्ही ३एक्सओ यांपैकी दुसरी कोणतीही छोटी एसयूव्ही घेणार असाल तरी हिशेब फारसा बदलत नाही.

कुर्ल्याची पद्मिनी

सोलापूरला जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने तिथे गाड्या बनू लागल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. पुढे हीच गाडी काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. नाव बदललं तरी लोकांच्या तोंडी फियाटच राहिली.

त्या काळात गाडी घेणं म्हणजे आधी नंबर लावणं आणि मग काही वर्षं थांबणं. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी घेतलेली फियाटही सुमारे १२ हजारांची होती आणि त्यासाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून ५ हजारांचं कर्ज काढलं होतं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि फियाटची सद्दी ओसरू लागली. २०००-०१ च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. तिथे टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. ही मर्यादा टॅक्सीची आहे, घरच्या खासगी गाडीची नाही, हे लक्षात ठेवावं.

रांजणगावची नेक्सॉन

नेक्सॉन सप्टेंबर २०१७ मध्ये बाजारात आली. ती पुण्याजवळच्या रांजणगावला बनते. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला पाच तारे मिळाले. पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय बनावटीची गाडी. २०२३ च्या सुधारित मॉडेलपासून सहा एअरबॅग आणि ईएसपी सगळ्या प्रकारांत येतात.

मोजपट्टी लावली तर

- लांबी : पद्मिनी सुमारे ३.९३ मीटर, नेक्सॉन ३.९९५ मीटर
- रुंदी : पद्मिनी सुमारे १.४६ मीटर, नेक्सॉन १.८०४ मीटर
- उंची : पद्मिनी सुमारे १.४७ मीटर, नेक्सॉन १.६२ मीटर
- इंजिन : पद्मिनी १०८९ सीसी पेट्रोल, नेक्सॉन ११९९ सीसी टर्बो पेट्रोल (१४९७ सीसी डिझेलही मिळते)
- ताकद : पद्मिनी सुमारे ४० हॉर्सपॉवर, नेक्सॉन पेट्रोल सुमारे १२०
- वजन : पद्मिनी ९०० किलोच्या आत, नेक्सॉन बाराशे-तेराशे किलोच्या आसपास
- ओढ : पद्मिनीत मागची चाकं, नेक्सॉनमध्ये पुढची
- गिअर : पद्मिनीत स्टिअरिंगजवळ चार, नेक्सॉनमध्ये खाली (मॅन्युअल किंवा ऑटोमॅटिक)

लांबीत दोन्ही गाड्या जवळपास सारख्या आहेत. हा योगायोग नाही. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी कमी पडतो, म्हणून कंपन्या गाडी तेवढ्यातच बसवतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्यांवर ४० टक्के.

फरक रुंदीत आहे, तब्बल ३४ सेंटिमीटरचा. निपाणीच्या बाजारपेठेत किंवा बेळगावात शहापूर, खडेबाजारच्या जुन्या गल्ल्यांत राहणाऱ्यांनी शोरूमला जाण्याआधी दाराची आणि गल्लीच्या वळणाची मापं घ्यावीत. फियाटसाठी बांधलेल्या गॅरेजात नवी गाडी आत जाते, पण मग तिचं दार उघडत नाही.

महामार्ग आणि घाट

पुणे-बंगळूर महामार्ग पूर्वी एनएच-४ होता, आता एनएच-४८ आहे. बेळगाव ते निपाणी सुमारे ७५ किलोमीटर आणि निपाणी ते कोल्हापूर सुमारे ४०. मध्ये तवंदी घाट. दोन पदरी रस्ता होता त्या काळात फियाट या वाटेवर शोभत होती. आता बाजूने जाणारी वाहनं ताशी ८० ते १०० ने जातात.

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. एबीएस नाही, एअरबॅग नाही. पुढच्या सीटला पट्टा बसवण्याची सक्ती १९९४ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना पट्टेच नाहीत. पत्रा जाड असला म्हणजे माणूस वाचतो, हा समज चुकीचा आहे. नव्या गाडीचा पुढचा भाग धडकेत मुद्दाम चेपतो आणि धक्का स्वतःत जिरवतो. जुन्या गाडीत तो धक्का थेट स्टिअरिंगमधून छातीवर येतो.

एक ढोबळ हिशेब करून बघा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. चालकाला भान यायला एक सेकंद धरला तर तेवढे मीटर असेच जातात. त्यानंतर चांगले डिस्क ब्रेक आणि एबीएस असलेली गाडी दर सेकंदाला ८ मीटर प्रतिसेकंद एवढा वेग कमी करते असं धरलं, तर ती आणखी ३१ मीटरवर थांबते. जुने ड्रम ब्रेक ५ ने वेग कमी करतात असं धरलं, तर ४९ मीटर लागतात. फरक १८ मीटरचा, म्हणजे चार गाड्यांहून जास्त लांबीचा. पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर, त्याच्या मागे दोन ट्रॉल्या आणि एकीलाही मागचा दिवा नाही, असं दृश्य इथे हंगामात रोजचं असतं. तिथे हे १८ मीटर फार मोठे आहेत.

घाटात ही अडचण वाढते. बेळगावहून गोव्याला चोर्ला, सावंतवाडीला आंबोली, निपाणीहून राधानगरीमार्गे कोकणात फोंडा घाट. लांब उतारावर सतत पाय दाबून ठेवला तर ड्रम तापतात आणि पकड सुटू लागते. पावसात पाणी शिरलं तरी तेच. जुने चालक उतारावर दुसऱ्या गिअरला गाडी सोडायचे ते यासाठीच. चढावर रेडिएटर तापणं, बोनेट उघडून थांबणं, पाण्याचा कॅन डिकीत ठेवणं हेही फियाटवाल्यांना नवं नाही. नेक्सॉनमध्ये किलोमागे ताकद दुपटीहून अधिक आहे. चढावर मागे न घसरू देणारी सोय आणि ईएसपी आहे.

या बाबतीत तुलना होऊच शकत नाही. लहान मुलं, म्हातारी माणसं घेऊन महामार्गाने नेहमीचा प्रवास असेल तर नवी गाडीच हवी.

दुरुस्ती : लेथ की लॅपटॉप?

इथे मात्र पारडं फिरतं. पद्मिनीच्या इंजिनात कॉम्प्युटर नाही. कार्बोरेटर, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग. बंद पडली तर कारण शोधायला डोळे, कान आणि एक टेस्ट लॅम्प पुरतो. शिवाय हा भाग लोखंडाच्या कामाचा आहे. बेळगावचं उद्यमबाग आणि कोल्हापूरचं उद्यमनगर या दोन्ही ठिकाणी फाउंड्री आणि लेथचे कारखाने पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. ब्रेक ड्रम लेथवर साफ करणं, बुश बनवून घेणं, सिलिंडर बोअर करणं ही कामं इथे आजही होतात. मिळत नाही तो पत्र्याचा आणि काचेचा माल. हेडलाइटची रिंग, दाराची रबरं, पुढची त्रिकोणी काच यांसाठी मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा जुन्या बाजारात शोध घ्यावा लागतो.

खरी टंचाई माणसांची आहे. कार्बोरेटर कानाने ऐकून लावणारे मिस्त्री आता साठीच्या पुढे गेले आहेत आणि त्यांच्या हाताखालची पोरं स्कॅनर घेऊन काम करतात. गाडी ठेवायची असेल तर आधी मिस्त्री कोण, हे पक्कं करावं.

नव्या एसयूव्हीत दोष शोधायला स्कॅनर लागतो. सेन्सर, कॅमेरा, टचस्क्रीन यांचं काम गल्लीतल्या गॅरेजात होत नाही. वॉरंटी आहे तोवर सर्व्हिस सेंटर बरं. वॉरंटी संपल्यावरचा खर्च आताच धरून चालावा. आणखी एक गोष्ट. फिरणं गावातल्या गावातच असेल तर बीएस-६ डिझेल घेऊ नये. धुराड्यातली काजळी जाळायला डीपीएफ तापावा लागतो आणि दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तापत नाही. वारंवार दिवा लागतो, मग खर्च.

पेट्रोलमधलं इथेनॉल

आपल्या पट्ट्यात ऊस पिकतो, साखर कारखाने चालतात आणि इथेनॉलही तयार होतं. तेच इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत, पद्मिनी नाही.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत त्यामुळे गंज धरतो. जुनी रबरी नळी, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे गॅस्केट फुगतात किंवा चिरतात. पेट्रोल गळून गरम इंजिनावर पडलं तर आगीचा धोका. उपाय साधे आहेत. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या टाकून घ्या, टाकी फार काळ अर्धी ठेवू नका, आठवड्यातून एकदा गाडी चालवा आणि डिकीत छोटं अग्निशामक ठेवा.

खर्चाचा हिशेब

विमा : थर्ड पार्टी विम्याचा हप्ता गाडीच्या वयावर नाही, सीसीवर ठरतो. १००० ते १५०० सीसी गटाचा २०२२ मध्ये ठरलेला दर वर्षाला ३,४१६ रुपये, वर जीएसटी. १०८९ सीसीची पद्मिनी आणि ११९९ सीसीची नेक्सॉन दोन्ही याच गटात येतात. नव्या गाडीला मात्र तीन वर्षांचा हप्ता एकदम भरावा लागतो, १०,६४० रुपये. पाच वर्षांपुढच्या गाडीची विम्यातली किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. एजंट सांगेल तो आकडा मान्य करू नका, गाडीचे फोटो आणि दुरुस्तीची बिलं दाखवून किंमत ठरवून घ्या.

नोंदणीचं नूतनीकरण : खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून नूतनीकरण, फॉर्म २५. एप्रिल २०२२ पासून कारसाठी ही फी ६०० वरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांपुढच्या कारसाठी ती १०,००० झाली. शिवाय हरित कर. सगळ्या पद्मिनी आता २० वर्षांच्या पुढच्या आहेत.

नव्या गाडीचा रोड टॅक्स : कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीला १४ टक्के आणि १० ते २० लाखांना १७ टक्के, त्यावर उपकर वेगळा. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांना १२ टक्के. म्हणजे ९ लाखांच्या पेट्रोल गाडीवर कर्नाटकात १,२६,००० आणि महाराष्ट्रात ९९,०००. फरक २७ हजार. १२ लाखांच्या गाडीवर २,०४,००० आणि १,४४,०००. फरक ६० हजारांचा.

केए की एमएच?

हा फरक बघूनच 'कोल्हापूरला पाव्हण्यांच्या पत्त्यावर गाडी काढू, एमएच-०९ पासिंग करू' हा सल्ला निपाणीत हमखास मिळतो. तो महागात पडू शकतो.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४० प्रमाणे मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी नेहमी जिथे ठेवली जाते, त्या राज्यात नोंदणी करायची असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही आरटीओत नोंदणी चालते. म्हणजे निपाणीकराला चिकोडीचा केए-२३ की बेळगावचा केए-२२, हे निवडता येतं, राज्य नाही. कलम ४७ प्रमाणे परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे राहिली तर नवा नंबर घ्यावाच लागतो, आणि त्या राज्याचा कर भरावा लागतो. तपासणीत गाडी अडली तर वाचवलेले २७ हजार कर आणि दंडात निघून जातात.

खरोखरच घर बदललं असेल, नोकरीमुळे निपाणीहून कोल्हापूर किंवा सावंतवाडीहून बेळगाव झालं असेल, तर वाट अशी :

- जुन्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी. कर्ज असेल तर बँकेचं पत्रही.
- नव्या राज्यात फॉर्म २७ वर नव्या नंबरसाठी अर्ज आणि गाडीच्या वयानुसार कर.
- जुन्या राज्यात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. हा बरेच जण करतच नाहीत आणि पैसे सोडून देतात.

सैन्यातले जवान, केंद्र-राज्य सरकारी नोकर, बँकवाले आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका मिळते. कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो आणि बदली झाली तरी नंबर तोच राहतो. सीमाभागातल्या अशा कुटुंबांनी नवी गाडी घेताना ही सोय आधी विचारावी.

वडिलांच्या नावावरची गाडी

पडवीतल्या बऱ्याच फियाट आजही वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहेत. मुलं पुण्यात, गाडी निपाणीत, आरसी कुणाच्या कपाटात हे कुणालाच आठवत नाही. अशी गाडी 'जरा फिरवून आणतो' म्हणून बाहेर काढली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी आधी मालकी विचारणार.

कायद्याप्रमाणे मालक वारल्यापासून ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ वर वारसाच्या नावे करून घ्यायची. मुदत टळली असली तरी दंड भरून काम होतं. मृत्यू दाखला, वारस दाखला किंवा इतर वारसांची संमती, मूळ आरसी आणि विमा लागतो. दोन भावांत एकाने गाडी ठेवायची असेल तर संमतीपत्र आजच घ्यावं. उद्या गाडीला किंमत आली की सही अवघड होते.

'केए' ही अक्षरं १९८९ च्या केंद्रीय नियमांनंतर आली. त्याआधीच्या गाड्यांवर 'एमवाय'ने सुरू होणारे मैसूर काळातले क्रमांक दिसतात. अशा गाड्यांची नोंद 'वाहन' या संगणक प्रणालीत नसण्याची शक्यता असते. तेव्हा जुनं आरसी बुक दाखवून बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. ती झाल्याशिवाय नूतनीकरण, वारस नोंद, विक्री, भंगार यातलं काहीच पुढे सरकत नाही. म्हणून आरसी बुक ही त्या गाडीतली सगळ्यात महाग वस्तू समजावी.

पन्नाशी ओलांडली असेल तर

जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात असलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर नूतनीकरण ५,०००. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. मात्र मग ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर आणता येते. पेठेत भाजी आणायला फियाट न्यायची हौस असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

दोन गैरसमज

एक : '१५ वर्षं झाली की गाडी भंगारातच.' असं नाही. १० वर्षांचं डिझेल आणि १५ वर्षांचं पेट्रोल हे निर्बंध दिल्ली परिसराचे. कर्नाटक किंवा महाराष्ट्रात खासगी गाडी फिटनेस पास झाली आणि नोंदणी चालू असली तर चालते.

दोन : 'भंगारवाल्याला दिली की सुटलो.' तसंही नाही. नोंदणी रद्द न करता गाडी दिली आणि तिचा नंबर कुठे वापरला गेला, तर नोटीस आरसीवरच्या पत्त्यावर येते. मान्यताप्राप्त स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी आणि जमा प्रमाणपत्र घ्यावं. त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्राने राज्यांना दिली आहे. एसयूव्ही काढणार असाल तर हे प्रमाणपत्र बुकिंगच्या आधी हातात हवं.

मग करावं काय?

- रोज महामार्ग, महिन्यातून एकदा घाट, घरात लहान मुलं : नवी एसयूव्ही घ्यावी. फियाट या कामाला लावू नये.
- वापर गावातल्या गावात, मिस्त्री ओळखीचा, आरसी स्वतःच्या नावावर, गाडी चालू : ठेवायला हरकत नाही. पाच वर्षांचे १०,००० आणि वर्षाचा विमा एवढा कागदाचा खर्च बाजूला काढावा. पुढे पट्टे बसवून घ्यावेत आणि रात्रीचा महामार्ग टाळावा.
- गाडी बंद, कागद हरवलेले, वारसांत एकमत नाही : आधी कागद लावावेत, मग विक्री की भंगार ते ठरवावं. कागदाविना फियाटची किंमत लोखंडाच्या भावाने होते, कागदासह ती हौशी माणूस शोधत येतो.
- दोन्ही ठेवायच्या असतील : दोन्हींच्या आरसीवर राज्य एकच, आणि ते तुम्ही खरोखर राहता तेच असावं.

शोरूममध्ये टोकन देण्याआधी घरातलं आरसी बुक शोधून त्यावरचं नाव, नंबर आणि मुदत बघून घ्यावी. मुदत संपली असेल तर चिकोडी किंवा बेळगावच्या आरटीओत चौकशी करायला एवढी माहिती पुरेशी आहे.